चाके बदलण्याआधी चाकाचा इतिहास

सायकलीच्या दोनशे वर्षांच्या इतिहासात चाक खऱ्या अर्थाने मोजून दोन-तीन वेळाच बदलले. बाकीचे बदल जाहिरातीत मोठे आणि रस्त्यावर छोटे ठरले, असे माझे मत आहे. हे मत मांडायला कारण आहे तरुणांकडून वारंवार ऐकू येणारा एक प्रश्न. नवी, सुरुवातीच्या किमतीची रोड बाईक घेतली आहे, तर तिची चाके लगेच बदलावीत का?

विचारणारा बहुतेकदा पहिल्याच नोकरीत असतो. पगारातून सहा-आठ महिने पैसे बाजूला टाकून त्याने सायकल घेतलेली असते. पंधरा दिवसांत ग्रुपमधला कुणीतरी सांगतो, ‘या चाकांवर काही होणार नाही.’ कार्बनच्या चाकांची चौकशी केली तर त्यांची किंमत सायकलीइतकी, कधी तिच्याहून जास्त निघते. घरात अम्मीच्या औषधांचा आणि धाकट्या बहिणीच्या फीचा हिशेब चालू असताना ही रक्कम किरकोळ नसते. म्हणून उत्तर देण्याआधी इतिहास तपासलेला बरा.

१८१७ साली जर्मनीतल्या मानहाइममध्ये कार्ल द्राइसने दोन चाकांचे लाकडी यंत्र चालवले. पायडल नव्हते, जमिनीवर पाय मारत पुढे जायचे. चाके बैलगाडीच्याच जातीची, लाकडी आऱ्यांची. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल आले, तरी चाक लाकडाचेच राहिले आणि त्यावर लोखंडी धाव बसवली गेली. दगडी रस्त्यावर ती सायकल इतकी हादरायची की इंग्रजांनी तिचे नावच ‘हाडे खिळखिळी करणारी’ असे ठेवले.

पहिला मोठा बदल तारेच्या स्पोकने केला. १८६९ साली पॅरिसच्या यूजीन मेयरने अशा चाकाचे पेटंट घेतले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या कव्हेंट्रीत जेम्स स्टार्लीने तारेच्या स्पोकची सायकल आणली. यातली कल्पना समजून घेण्यासारखी आहे. बैलगाडीचा आरा खांबासारखा वजन तोलून धरतो. बारीक तार खांब होऊ शकत नाही, ती वाकेल. म्हणून तारा चहूबाजूंनी ताणून रिम घट्ट आवळली जाते, आणि वजन त्या ताणावर पेलले जाते. १८७४ साली स्टार्लीने स्पोक सरळ न लावता तिरके, एकमेकांना छेद देणारे लावले. त्यामुळे पायडलचा पीळही चाकाला सोसू लागला. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लादलेली आपल्याकडची काळी सायकल याच युक्तीवर चालत आली आहे.

दुसरा बदल हवेचा. हवा भरलेल्या टायरचे पेटंट रॉबर्ट थॉमसनने १८४५ सालीच घेतले होते, पण तेव्हा त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीसाठी पुन्हा तोच शोध लावला. पुढच्या वर्षी विली ह्यूम नावाचा सायकलपटू असे टायर लावून बेलफास्टच्या शर्यतीत उतरला आणि जिंकला. १८९१ साली मिशलिन बंधूंनी सहज काढता येणारा टायर आणला. त्यावर शार्ल तेराँने पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस ही सुमारे १,२०० किलोमीटरची शर्यत जिंकली. काही वर्षांत घन रबराचे टायर सायकलींवरून जवळपास नाहीसे झाले. फरक एवढा उघड होता की तो कुणाला पटवून द्यावा लागला नाही.

ताणलेले स्पोक आणि हवेचा टायर, हे दोन्ही मोठे बदल आजच्या सर्वांत स्वस्त रोड बाईकमध्ये आधीपासून आहेत. अॅल्युमिनियमची रिमही आहे. मग उरते काय? वाऱ्याला कापणारा आकार आणि काही ग्रॅम वजन. त्यांची किंमत जोखायला एक तासाच्या विक्रमाचा इतिहास कामाला येतो.

१९७२ साली एडी मर्क्सने मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले, साध्या स्पोकच्या चाकांवर. १९८४ साली त्याच शहरात फ्रान्चेस्को मोझेरने भरीव तबकडीसारखी चाके लावून ५१.१५१ किलोमीटरचा पल्ला गाठला. साऱ्या जगाचे लक्ष त्या चाकांकडे गेले. पण त्याची सायकल आणि बसण्याची ढबही वेगळी होती. पुढे ख्रिस बोर्डमनने १९९६ साली मँचेस्टरमध्ये हात पुढे ताणून, जवळजवळ उडत्या माणसासारखे झोपून ५६.३७५ किलोमीटर अंतर कापले. मग नियम बदलले आणि मर्क्सच्या काळासारखीच सायकल हवी असे ठरले. २००० साली तोच बोर्डमन, त्याच मँचेस्टरमध्ये, गोल नळ्यांच्या सांगाड्यावर आणि साध्या चाकांवर बसला. अंतर भरले ४९.४४१ किलोमीटर. मर्क्सपेक्षा फक्त दहा मीटर जास्त!

सामानाने काहीच फरक पडत नाही, असा याचा अर्थ काढू नये. जवळजवळ सात किलोमीटरचा फरक पडला आहे, आणि दरम्यान बोर्डमनचे वयही चार वर्षांनी वाढले होते. पण त्यातला मोठा वाटा शरीराच्या ढबीचा आहे. सपाट रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने जाताना मुख्य अडथळा हवेचा असतो, आणि ती हवा सर्वाधिक अडवतो तो चालवणारा माणूस. चाक नव्हे.

आता वजनाचे गणित. माणूस सत्तर किलो आणि सायकल दहा किलो धरू. महाग चाकांनी अर्धा किलो वाचला, तर एकूण वजनात फरक पडला एक टक्क्याहून कमी. जो घाट चढायला तुम्हाला तास लागतो, तिथे वाचतील वीस-बावीस सेकंद. फिरणाऱ्या कडेचे वजन वेग घेताना दुप्पट जाणवते हे खरे, पण ते फक्त वेग घेताना.

मग पैसे कुठे घालावेत? क्रम इतिहासानेच लावून दिला आहे. आधी टायर. स्वस्त सायकलीला बहुधा जड, कडक टायर येतात. चांगल्या प्रतीचे लवचीक टायर घ्या, सांगाड्यात बसत असतील तर थोडे रुंद घ्या, आणि हवा वजनाप्रमाणे ठेवा. मग ढब. सीटची उंची आणि हँडलचे अंतर जाणकाराकडून जुळवून घ्या. तिसरे, चाके एखाद्या कसबी मिस्त्रीकडे न्या. आऊट काढून सगळ्या स्पोकचा ताण सारखा करून घ्या, कारण चाकाचा जीव त्या ताणातच आहे. ज्या चाकांना ग्रुपमध्ये नावे ठेवली जातात, त्यांतली पुष्कळशी एवढ्यानेच सुधारतात.

चाके बदलण्याची वेळही येते. स्पोक पुन्हा पुन्हा तुटू लागले, ब्रेक घासून रिम पातळ झाली, हब खिळखिळा झाला किंवा तुम्ही शर्यतीत सेकंदांसाठी झुंजू लागलात, की जरूर बदला. तेव्हा ब्रेकचा प्रकार, ॲक्सल आणि मागचे गिअर नव्या चाकाशी जुळतात का, हे आधी पाहा. मधल्या ॲल्युमिनियमच्या जोडीवरही भागते. जुनी चाके विकू नका, पावसाळ्यात कामाला येतील.

तोवर किमान दोन-तीन हजार किलोमीटर याच चाकांवर चालवा. तेवढ्यात पाय तयार होतील आणि आपल्याला नेमके काय कमी पडते तेही कळेल. मग खर्च करायचा की नाही हे ग्रुपला विचारावे लागणार नाही.