ताप गेला कुठे?

लहानपणी मला ताप आला की अम्मी वाडग्यात मिठाचं पाणी घेऊन उशाशी बसायची. कपाळावरची पट्टी बघता बघता गरम व्हायची. मी विचारायचो, ‘माझा ताप पाण्यात गेला का?’ ती म्हणायची, ‘थोडा गेला, बाकीचा जाईल.’ ताप म्हणजे जणू या घागरीतून त्या घागरीत ओतायची वस्तू!

पुढे मी बी.ए. झालो, कवितेत रमलो. विज्ञान दहावीलाच सुटलं. परवा पुतणीचा अभ्यास घेताना कळलं, की अठराव्या शतकातले भलेभले शास्त्रज्ञही अम्मीसारखंच मानत होते. फ्रान्सच्या लॅव्हासिएने 1789 साली मूलद्रव्यांची यादी केली, तीत ‘कॅलरिक’ या नावाने उष्णताही होती. वजन नसलेला, वस्तूतून वस्तूत वाहणारा एक द्रव.

उष्णता आणि तापमान यांतला फरक लिहा, या प्रश्नावर मला शाळेत भोपळा मिळाला होता. दोन्ही एकच, असं मी लिहिलं होतं. वाफाळत्या चहाच्या कपाचं तापमान जास्त असतं. पण उन्हात कोमट झालेल्या मशिदीच्या हौदात कपापेक्षा कितीतरी जास्त औष्णिक ऊर्जा साठलेली असते. हे तेव्हा कुणी असं सांगितलं असतं तर!

हा फरक नीट पकडला तो ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅकने, 1761 च्या सुमारास. त्याने दोन सारखे काचेचे चंबू घेतले. एकात बर्फ, दुसऱ्यात बर्फाइतकंच थंड केलेलं पाणी. दोन्ही एकाच खोलीत टांगले. पाणी अर्ध्या तासात सात अंश फॅरनहाइटने तापलं. बर्फाच्या चंबूला तिथवर पोहोचायला साडेदहा तास लागले! एवढा वेळ खोलीची उष्णता आत शिरत होती, पण बर्फ वितळेपर्यंत तापमापकाचा पारा चढत नव्हता. सगळी उष्णता वितळण्यातच खर्ची पडत होती. हाच पाठ्यपुस्तकातला अप्रकट उष्मा.

पण उष्णता म्हणजे नेमकं काय? इथे एक वल्ली माणूस येतो. बेंजामिन थॉम्पसन ऊर्फ काउंट रम्फर्ड. जन्म अमेरिकेतला, स्वातंत्र्ययुद्धात बाजू इंग्रजांची, नोकरी बव्हेरियाच्या इलेक्टरकडे. म्युनिकच्या शस्त्रागारात तोफा कोरताना धातू भयंकर तापतो, हे त्याने पाहिलं. मग मुद्दाम बोथट गिरमिट लावलं, भोवती पाणी भरलं आणि घोडे फिरवले. अडीच तासांत पाणी उकळू लागलं. विस्तवाशिवाय! बघ्यांनी तोंडात बोटं घातली. द्रव असता तर कधीतरी संपला असता. इथे घोडे फिरतील तोवर उष्णता निघतच होती. म्हणजे ती वस्तू नव्हे, गती असली पाहिजे, असं त्याने 1798 साली मांडलं. गंमत अशी, की पुढे याच रम्फर्डने लॅव्हासिएच्या विधवेशी लग्न केलं. ते काही टिकलं नाही.

लोकांना हे लगेच पटलं नाही. चाळीस-पन्नास वर्षांनी इंग्लंडच्या जूलने पडत्या वजनांनी पाण्यात वल्ही फिरवून किती श्रमाची किती उष्णता होते, ते मोजलं, तेव्हा कुठे कॅलरिकचा निकाल लागला. त्याच्या नात्यातला ‘कॅलरी’ हा शब्द मात्र आपल्या बिस्किटांच्या पुड्यांवर आजही आहे.

पुतणीने विचारलं, ‘काका, मग वस्तूच नाही, तर पट्टी गरम कशाने व्हायची?’ म्हटलं, कपाळातले रेणू जोरात थरथरतात, पट्टीतल्या संथ रेणूंना धक्के देतात. काही रेणू तर वाफ होऊन पळतात, जाताना उष्णता घेऊन जातात. तिने वहीत लिहिलं, ‘उष्णतेचे वहन : रेणूंची धक्काबुक्की’. मी ते खोडलं नाही.