मित गम्रची बँक: व्याज नाही, मग चालते कशी?

फौजेत असताना रजेचा अर्ज घेऊन आलेल्या जवानाची विचारपूस केली, की पुष्कळदा गावाकडचे सावकाराचे कर्ज निघे. पीक बुडाले तरी व्याज थांबत नाही, हे मी तेव्हा जवळून पाहिले. म्हणून आजचा प्रश्न: व्याजाशिवाय बँक चालते का?

इजिप्तमध्ये नाईल नदीच्या त्रिभुज प्रदेशात मित गम्र हे गाव आहे. अहमद अल-नज्जार या अर्थतज्ज्ञाने १९६३ साली तिथे बचत बँक काढली. जर्मनीत शिकताना त्यांनी तिथल्या स्थानिक बचत बँका पाहिल्या होत्या. ती कल्पना त्यांनी घेतली, पण व्याज वगळले. कुराणात 'रिबा', म्हणजे कर्जावर घेतलेली वाढ, निषिद्ध आहे. त्यामुळे अनेक श्रद्धाळू शेतकरी बँकेपासून दूरच राहत. नासर यांच्या राजवटीत धर्माच्या नावाने संस्था उभारणे जोखमीचे होते. म्हणून या बँकेने आपली इस्लामी ओळख मिरवली नाही.

तिचा हिशेब सोपा होता. बचत खात्यावर व्याज नाही, पण गरजेला छोटे बिनव्याजी कर्ज मिळे. गुंतवणूक खात्यातला पैसा धंद्यात लागे आणि नफा-तोटा वाटून घेतला जाई. यामागचे जुने तत्त्व म्हणजे 'मुदारबा': एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत. नफा ठरल्या प्रमाणात वाटायचा. तोटा आला तर पैसेवाल्याचे भांडवल जाते, मेहनत करणाऱ्याचे श्रम वाया जातात.

१९६७ च्या सुमारास सरकारने हा प्रयोग गुंडाळला. पण कल्पना टिकली. १९७१ मध्ये इजिप्त सरकारनेच नासर सोशल बँक स्थापन केली. १९७५ मध्ये दुबई इस्लामिक बँक आणि जेद्दाची इस्लामिक डेव्हलपमेंट बँक सुरू झाली. तेलाचा पैसा आला आणि शेतकऱ्यांची कल्पना मोठ्या व्यवहारात शिरली.

इथेच खरी मेख आहे. आज या बँकांचा बराच व्यवहार 'मुराबहा' पद्धतीने होतो. समजा, बँक पाच लाखांचा ट्रॅक्टर स्वतः विकत घेते आणि तुम्हाला हप्त्यांनी सहा लाखांना विकते. कागदावर ही विक्री आहे, व्याज नाही. पण पीक बुडाले तरी सहा लाख द्यायचेच! टीकाकार म्हणतात, नाव बदलले, ओझे तेच राहिले. समर्थक सांगतात, रक्कम आधीच ठरते, चक्रवाढीने फुगत नाही. दोन्हींत तथ्य आहे.

आपल्याकडे रघुराम राजन समितीने २००८ साली बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये तो प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरवले.

मला यात धर्मापेक्षा एक साधी कसोटी दिसते. पलटणीत संकट आले की अधिकारी आणि जवान ते मिळून झेलतात. पैसा देणारा तोट्याच्या दिवशी कुठे उभा असतो? बँकेच्या पाटीवर काहीही लिहिलेले असो, हा प्रश्न आधी विचारा.

जय हिंद.