टाकळीचे शंख

भूगर्भशास्त्र म्हणजे युगांच्या नांवांची घोकंपट्टी, असा आपल्या शाळांचा समज दिसतो. नागपुरांत १८४६ सालीं शाळा काढणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप व त्यांचे सहकारी हंटर यांना गांवाबाहेर टाकळीस काळ्या पाषाणाच्या थरांमध्यें गोड्या पाण्यांतील गोगलगाईंचे शंख सांपडले. लाव्हारस तर सर्व जाळणारा. मग शंख आले कोठून? अर्थात् दोन उद्रेकांच्या मध्यंतरीं तेथें तळें सांचलें, जीव नांदले, आणि पुढें नव्या लाव्हारसानें तें सर्व झांकून टाकलें! सातवींतल्या मुलानें हें अनुमान स्वतः काढावें. मग सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षें हा आंकडा त्यास निराळा पाठ करावा लागणार नाहीं. सह्याद्रीच्या कोणत्याही घाटांत शंख नसले, तरी थर दिसतातच.