कॅनडा क्वेबेकच्या बाहेर फ्रेंच बोलणारे लोक का शोधतोय?

'फ्रेंच शिका आणि कमी गुणांत कॅनडाचं पीआर मिळवा' असं सांगणारे रील्स तुम्हीही पाहिले असतील. त्यातला गुणांचा भाग खरा आहे. पण कॅनडाचं केंद्र सरकार ही सवलत का देतंय आणि या लोकांनी नेमकं कुठे राहावं अशी त्याची अपेक्षा आहे, हे त्या रील्समध्ये क्वचितच सांगितलं जातं.

अनेकांना वाटतं की फ्रेंच म्हणजे क्वेबेक. प्रत्यक्षात या योजना क्वेबेकसाठी नाहीत. १९९१ च्या करारानुसार क्वेबेक आपले बहुतांश स्थलांतरित स्वतः निवडतो. केंद्र सरकारला फ्रेंच बोलणारे लोक हवे आहेत ते उरलेल्या कॅनडात, म्हणजे जिथे इंग्रजीचं राज्य आहे आणि फ्रेंच ही अल्पसंख्याकांची भाषा आहे.

क्वेबेकच्या बाहेर फ्रेंच कोण बोलतं?

क्वेबेकबाहेर सुमारे १० लाख लोकांची मुख्य अधिकृत भाषा फ्रेंच आहे. त्यांतले निम्म्याहून अधिक ऑन्टारियो प्रांतात राहतात, विशेषतः ओटावा आणि उत्तरेकडच्या सडबरी, टिमिन्स, हर्स्ट या भागांत.

दुसरा मोठा समाज न्यू ब्रुन्सविकमधल्या अकाडियन लोकांचा. १७५५ पासून ब्रिटिशांनी त्यांच्या पूर्वजांना घरादारातून हुसकावून लावलं होतं. त्यातले काही परतले आणि पुन्हा वसले. आज न्यू ब्रुन्सविक हा कॅनडातला एकमेव अधिकृत द्विभाषिक प्रांत आहे.

पश्चिमेकडे मॅनिटोबात विनिपेग शहराचा सेंट बोनिफेस हा भाग फ्रेंच वस्तीसाठी ओळखला जातो. १८७० मध्ये हा प्रांत स्थापन झाला तेव्हा तिथे फ्रेंचला इंग्रजीच्या बरोबरीचे हक्क होते. १८९० मध्ये प्रांतानं ते काढून घेतले. सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा अवैध ठरवला तो थेट १९७९ मध्ये, म्हणजे तब्बल ८९ वर्षांनी. ऑन्टारियोतही १९१२ च्या एका नियमानं शाळांमधल्या फ्रेंच शिक्षणावर कडक बंधनं आली होती. 'आमची भाषा आपोआप मागे पडली नाही, ती मागे ढकलली गेली' ही या समाजांची भावना अशा इतिहासातून आली आहे.

मग आताची अडचण काय?

१९७१ मध्ये क्वेबेकबाहेरच्या लोकसंख्येत फ्रेंच भाषकांचा वाटा ६.१ टक्के होता. २०२१ च्या जनगणनेत तो सुमारे ३.५ टक्क्यांवर आला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. फ्रेंच बोलणाऱ्यांची संख्या कोसळलेली नाही. बाकीची लोकसंख्या झपाट्यानं वाढली आणि त्यात यांचा वाटा आक्रसत गेला. कॅनडाची लोकसंख्या वाढते ती प्रामुख्यानं स्थलांतरानं, आणि क्वेबेकबाहेर येणारे बहुतेक लोक इंग्रजीकडे वळतात. शिवाय फ्रेंच घरातल्या मुलानं इंग्रजी घरात लग्न केलं, की पुढच्या पिढीची घरातली भाषा बहुधा इंग्रजी होते.

वाटा घटला की त्याचा परिणाम रोजच्या जगण्यावर होतो. शाळा, दवाखाना, सरकारी कचेरीतली फ्रेंच सेवा हे सगळं पुरेशा संख्येवर अवलंबून असतं. १९८२ च्या हक्कांच्या सनदेतलं कलम २३ अल्पसंख्याक भाषेत शिक्षणाचा हक्क देतं, पण त्यातही 'जिथे मुलांची संख्या पुरेशी असेल तिथे' अशी अट आहे. २०२१ मध्ये सडबरीचं लॉरेन्शियन विद्यापीठ आर्थिक संकटात सापडलं, तेव्हा बंद केलेल्या अभ्यासक्रमांत फ्रेंचमधले अनेक अभ्यासक्रम होते.

सरकारनं लक्ष्य कधी ठरवलं?

२००३ मध्ये केंद्र सरकारनं ठरवलं की क्वेबेकबाहेर येणाऱ्या स्थलांतरितांपैकी किमान ४.४ टक्के लोक फ्रेंच बोलणारे असावेत. मुदत होती २००८. ती हुकली आणि पुढे २०२३ पर्यंत वाढवली गेली.

२०२१ मध्ये अधिकृत भाषा आयुक्त रेमों तेबेर्ज यांच्या कार्यालयानं याचा हिशेब मांडला. लक्ष्य वेळेवर गाठलं असतं, तर २००८ ते २०२० या काळात फ्रेंच समाजांना सुमारे ७६ हजार लोक जास्त मिळाले असते, असं त्यातून दिसलं. ४.४ टक्क्यांचा आकडा अखेर २०२२ मध्ये गाठला गेला.

जून २०२३ मध्ये अधिकृत भाषा कायद्यात मोठी सुधारणा झाली. स्थलांतर मंत्र्यांनी फ्रेंच स्थलांतरासाठी लक्ष्यं आणि निकष असलेलं धोरण आखणं त्यामुळे बंधनकारक झालं. हेतूही स्पष्ट होता: फ्रेंच भाषकांचा वाटा पुन्हा १९७१ च्या पातळीवर, म्हणजे ६.१ टक्क्यांवर नेणं.

त्यानंतर आकडे वेगानं वाढले. २०२४ चं लक्ष्य ६ टक्के होतं, प्रत्यक्षात ७.२ टक्के, म्हणजे ३० हजारांहून अधिक लोक आले. २०२५ साठी ८.५ टक्के ठरवले गेले आणि २०२९ पर्यंत १२ टक्क्यांचं ध्येय आहे. फ्रेंच समाजांच्या देशव्यापी महासंघाची मागणी याहून मोठी होती: २०२४ पासूनच १२ टक्के आणि २०३६ पर्यंत २० टक्के.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. याच काळात कॅनडानं एकूण स्थलांतर कमी केलंय. २०२४ साठी एकूण ४ लाख ८५ हजार लोकांचं लक्ष्य होतं, २०२५ साठी ते ३ लाख ९५ हजारांवर आणलं. त्यामुळे टक्केवारी वाढली तरी माणसांची संख्या त्याच प्रमाणात वाढत नाही.

लोकांना आणण्याचे मार्ग कोणते?

• एक्सप्रेस एंट्री: फ्रेंच चांगली येत असेल तर २०२० पासून २५ किंवा ५० जादा गुण मिळतात. ५० गुणांसाठी सोबत इंग्रजीही बऱ्यापैकी यावी लागते. जुलै २०२३ पासून फ्रेंच जाणणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्या होतात. फेब्रुवारी २०२४ मधल्या अशा एका फेरीत ३३६ गुणांवर निमंत्रण मिळालं. त्याच सुमाराला सर्वसाधारण फेरीत ५३० हून अधिक गुण लागत होते.

• मोबिलिते फ्रँकोफोन: २०१६ पासूनची ही वर्क परमिटची वाट आहे. स्थानिक उमेदवार मिळत नसल्याचं सिद्ध करण्याची किचकट प्रक्रिया मालकाला करावी लागत नाही. नोकरी मात्र क्वेबेकबाहेरच हवी.

• गावांसाठीची योजना: जानेवारी २०२५ मध्ये ६ ठिकाणांसाठी प्रायोगिक योजना सुरू झाली. त्यात न्यू ब्रुन्सविकचा अकाडियन द्वीपकल्प, ऑन्टारियोतले सडबरी, टिमिन्स आणि सुपीरियर ईस्ट, मॅनिटोबातलं सेंट पिएर जोलिस आणि ब्रिटिश कोलंबियातलं केलोना आहे. इथे ठरावीक स्थानिक मालकाकडून नोकरीचा प्रस्ताव लागतो.

• विद्यार्थ्यांसाठीची योजना: ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झालेली ही योजना आफ्रिका, मध्यपूर्व आणि अमेरिका खंडांतल्या निवडक देशांसाठी आहे. भारत त्यात नाही.

आकडा गाठला म्हणजे काम झालं का?

इथेच खरी अडचण आहे. टक्केवारी मोजली जाते ती पीआर मिळताना. त्यानंतर तो माणूस कुठे राहतो, कोणत्या भाषेत काम करतो आणि घरी मुलांशी काय बोलतो, हे त्या आकड्यात दिसत नाही.

कॅमेरून किंवा काँगोमधून आलेल्या माणसाची फ्रेंच उत्तम असते. पण विनिपेग किंवा टोरोंटोत नोकरी शोधताना बहुतेक ठिकाणी इंग्रजी विचारली जाते. सेवा इंग्रजीत, शेजार इंग्रजीत, मुलांचे मित्र इंग्रजीत. माणूस फ्रेंच समाजासाठी म्हणून येतो आणि काही वर्षांत इंग्रजी समाजात मिसळून जातो. हे टाळण्यासाठी २०२० पासून काही निवडक गावाशहरांना केंद्राकडून निधी मिळतो. घर, शाळा, नोकरी शोधण्यापासून ओळखी जुळवण्यापर्यंतची मदत तिथे फ्रेंचमधून होते.

दुसरा पेच व्हिसाचा. फ्रेंच भाषकांची मोठी संख्या आज आफ्रिकेत आहे, पण तिथल्या विद्यार्थ्यांचे स्टडी परमिट अर्ज मोठ्या प्रमाणावर नाकारले जातात, अशी तक्रार वर्षानुवर्षं होती. २०२२ मध्ये संसदीय समितीनंही त्याची दखल घेतली. वर सांगितलेली विद्यार्थी योजना याच पार्श्वभूमीवर आली.

स्थानिक समाजालाही बदलावं लागतंय. मॅनिटोबातल्या फ्रेंच भाषकांच्या मुख्य संस्थेचं नाव पूर्वी 'फ्रँको-मॅनिटोबन' लोकांची संस्था असं होतं. या शब्दातून तिथल्या जुन्या घराण्यांचा बोध होतो. २०१७ मध्ये संस्थेनं नाव बदलून 'मॅनिटोबाच्या फ्रेंच भाषक समाजाची संस्था' असं केलं. आपला माणूस कोण, हे वंशावरून न ठरवता भाषेवरून ठरवायचं, असा त्याचा अर्थ.

भारतातून जाणाऱ्यांनी काय लक्षात घ्यावं?

पहिली गोष्ट म्हणजे मेहनत. एक्सप्रेस एंट्रीसाठी ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं या चारही कौशल्यांत कॅनडाच्या मापानं ७ वी पातळी लागते. ती साधारण युरोपीय बी-२ च्या जवळ जाते. शून्यापासून तिथे पोहोचायला पाचशे-सहाशे तासांचा अभ्यास धरला जातो. टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा यांपैकी एक परीक्षा द्यावी लागते. तीन महिन्यांत हे सगळं होईल असं कुणी सांगत असेल तर सावध राहा.

दुसरी गोष्ट, या वाटेनं अर्ज करताना क्वेबेकबाहेर राहण्याचा इरादा असावा लागतो. 'आधी मॉन्ट्रियलला जाऊ, मग बघू' हा बेत इथे चालत नाही.

तिसरी गोष्ट मुलांच्या शाळेची. कलम २३ चा हक्क कॅनडाच्या नागरिकांना आहे आणि तोही मातृभाषा फ्रेंच असेल, किंवा पालकांनी वा एखाद्या भावंडानं कॅनडात फ्रेंच माध्यमात शिक्षण घेतलं असेल तर. मोठेपणी फ्रेंच शिकून पीआर मिळवलेल्या मराठी जोडप्याच्या मुलाला फ्रेंच शाळेत प्रवेश मिळू शकतो, पण तो शाळा मंडळाच्या परवानगीनं. सरकार ज्यांना फ्रेंच भाषक म्हणून मोजतं, त्यांच्याच मुलांना फ्रेंच शाळेचा थेट हक्क नसतो, ही विसंगती स्थानिक समाजालाही सतावते.

पुढे काय पाहायचं?

येत्या काही वर्षांत '१० टक्के गाठले', '१२ टक्के गाठले' अशा बातम्या येतील. त्यातून दरवर्षी किती लोक आले एवढंच कळेल. धोरण यशस्वी झालं का, ते जनगणनेतून कळेल. कॅनडात दर पाच वर्षांनी घरोघरी विचारलं जातं की तुम्ही घरात कोणती भाषा बोलता. आज आलेल्या कुटुंबांतली मुलं १० वर्षांनी त्या प्रश्नाला काय उत्तर देतात, त्यावर ३.५ टक्क्यांचा आकडा वर सरकणार की आणखी खाली जाणार हे ठरेल.