पोस्टकार्डावरची आवड

गाणं जेमतेम साडेतीन मिनिटांचं, पण ते सुरू होण्याआधी नावांची लांबलचक रांग लागे. आधी गाव, मग मोहल्ला, मग थोरली मंडळी, धाकटी भावंडं, मित्र आणि शेवटी 'उनके सभी साथी'. सत्तरच्या दशकातल्या श्रोत्याला या रांगेचा कंटाळा येत नसे. तो कान देऊन ऐके, कारण त्या रांगेत कधी तरी त्याचंही नाव येणार असे. आज एखादं केंद्र त्या दशकातल्या गाण्यांचा खास तास लावतं तेव्हा श्रोत्यांच्या निरोपांत चालीबद्दल थोडं असतं, आणि ते गाणं कुठे, कुणाच्या शेजारी बसून ऐकलं याबद्दल पुष्कळ. ही सवय आताची नाही. ती फर्माइशीच्या पत्रांनी लावली आहे.

या पत्रांच्या मुळाशी एक सरकारी निर्णय आहे. पुण्यात जन्मलेले बा. वि. केसकर १९५२ साली नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीताबद्दल त्यांना खरी कळकळ होती, आणि चित्रपटसंगीताने लोकांची अभिरुची बिघडते असं त्यांचं ठाम मत होतं. आकाशवाणीवर चित्रपटगीतांना कात्री लागली. चित्रपटाचं नाव सांगणं म्हणजे जाहिरात, म्हणून तेही बंद झालं. निर्मात्यांनी मग गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली. श्रोत्यांनी मोर्चे काढले नाहीत की निवेदनं दिली नाहीत. त्यांनी रेडिओचा काटा फिरवला आणि कोलंबो लावलं.

कोलंबोच्या रेडिओ सिलोनकडे दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेलं शक्तिशाली प्रक्षेपण केंद्र होतं. लघुलहरींवरून त्याचा आवाज सगळ्या भारतभर पोहोचे. ३ डिसेंबर १९५२ च्या बुधवारी तिथून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. निवेदक अमीन सयानी तेव्हा विशीही पुरी न केलेले. कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण मुंबईत होई आणि फिती विमानाने कोलंबोला जात. सुरुवातीला सात गाणी वाजवून श्रोत्यांना त्यांचा क्रम लावायला सांगत आणि १०० रुपयांचं बक्षीस ठेवत. सयानी पुढे सांगत की, पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रं आली आणि वर्षभरात हा आकडा आठवड्याला ६५,००० वर गेला. एवढी पत्रं फोडायची कुणी? स्पर्धा गुंडाळावी लागली. १९५४ च्या अखेरीपासून रेकॉर्डांचा खप आणि गावोगावच्या श्रोता संघांची पसंती यांवरून गाण्यांचा क्रम लागू लागला. पायदान आणि सरताज गीत हे शब्द घराघरांत गेले ते तेव्हापासून.

दिल्लीला चूक उमगायला पाच वर्षं लागली. ३ ऑक्टोबर १९५७ ला कवी पंडित नरेंद्र शर्मा यांच्या पुढाकाराने 'विविध भारती' सुरू झाली. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर इथून तिच्यावर जाहिरातीही वाजू लागल्या. तोवर ट्रान्झिस्टर आला होता. दिवाणखान्यातल्या फळीवर विणलेल्या झाकणाखाली बसलेला मर्फीचा रेडिओ, तोही ठाण्याच्या कारखान्यातला, साऱ्या घराचा होता. ट्रान्झिस्टर मात्र उशाशी आला, शेताच्या बांधावर गेला, पानाच्या ठेल्यावर टांगला गेला. रेडिओच्या परवान्याचे पैसे टपाल कचेरीत भरायचे आणि फर्माइशीचं पोस्टकार्डही तिथेच टाकायचं, असा तो काळ.

या पोस्टकार्डांनी एक गाव अजरामर केलं. आजच्या झारखंडातलं झुमरीतलैया अभ्रकाच्या खाणींचं आणि व्यापाराचं. तिथले हौशी श्रोते इतकी पत्रं पाठवत की, देशभरातल्या अनेकांना हे गाव निवेदकांनीच रचलेलं वाटे. फर्माइशी वेळेत पोहोचाव्यात म्हणून तिथून तारा केल्याचेही किस्से सांगतात. छत्तीसगडातलं भाटापारा हे तसंच दुसरं नाव. नकाशावर बोट ठेवून ही गावं दाखवता येत नसतील, पण त्यांची नावं मात्र सोलापूरच्या गिरणी कामगाराला आणि रत्नागिरीच्या मास्तरांना पाठ होती. विविध भारतीच्या 'जयमाला'त सैनिकांच्या फर्माइशी लागत. तिथे गावाच्या जागी ५६ ए.पी.ओ. असा लष्करी टपालाचा आकडा येई, आणि तेवढ्यावरून ऐकणाऱ्याला सरहद्द कळे.

मराठी श्रोत्यांना 'आपली आवड' होती. पत्र लिहायला हिंदी जुळवावं लागत नसे, हा तिचा मोठा आधार. या दशकात मराठी गाण्यालाही बहर आला होता. 'पिंजरा' (१९७२) मधल्या जगदीश खेबुडकर आणि राम कदम यांच्या लावण्या, दादा कोंडकेंच्या चित्रपटांतली गाणी, 'जैत रे जैत' (१९७७) साठी ना. धों. महानोरांनी लिहिलेली आणि हृदयनाथ मंगेशकरांनी बांधलेली गाणी, हे सगळं भावगीतांच्या आणि नाट्यपदांच्या शेजारी सुखाने नांदलं. एवढी वेगवेगळी आवड एका कार्यक्रमात मावली, याचं श्रेय निवडसमितीपेक्षा पोस्टकार्डांच्या गठ्ठ्याला द्यायला हवं.

श्रोत्यांची निवड नुसती करमणुकीची नव्हती. मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या मागे बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, ती याच दशकातली गोष्ट. १९७५ च्या वार्षिक गीतमालेत पहिलं आलं ते 'रोटी कपडा और मकान'मधलं महागाईचं गाणं. त्याआधीच्या वर्षी तो मान 'कोरा कागज'च्या शीर्षकगीताला, म्हणजे किशोरकुमारला मिळाला होता. आणीबाणीत सरकारी प्रचाराच्या कार्यक्रमांत गायला त्याने नकार दिला, तेव्हा मे १९७६ पासून आकाशवाणी आणि दूरदर्शनवर त्याचा आवाज बंद झाला. पुढे शाह आयोगासमोर हे प्रकरण आलं. पण कोलंबोवर दिल्लीचा हुकूम चालत नव्हता. केसकरांच्या काळातली वाट श्रोते विसरले नव्हते. गाणी लोकांपासून तोडता येतात हा समज एकाच देशात दोनदा खोटा ठरला, याची नोंद संगीताच्या इतिहासात ठळक व्हायला हवी.

एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. सत्तरचं दशक स्वतःही जुन्या गाण्यांसाठी झुरत होतं. सिलोनवर सकाळी 'पुरानी फिल्मों का संगीत' लागे आणि आठ वाजायच्या सुमारास सैगलच्या गाण्याने संपे. विविध भारतीवर 'भूले बिसरे गीत' होतं. आर. डी. बर्मनच्या नव्या ठेक्यांनी धाकटे भारावले होते, तेव्हा त्याच घरातले थोरले पंकज मलिकसाठी पत्र लिहीत होते. रात्री 'छायागीत'मध्ये निवेदक एखादी कल्पना धरून गाणी गुंफत. पाऊस, विरह, चंद्र, कधी नुसती वाट पाहणं. आजच्या खास तासांची घडण तीच आहे. फक्त तेव्हाचे धाकटे आता थोरले झाले आहेत, आणि बर्मनच्या ठेक्यांना आता जुन्या गाण्यांत जागा मिळाली आहे.

गीतमाला १९८९ मध्ये विविध भारतीवर आली आणि नव्वदीत थांबली. अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी गेले. त्याआधी, २०१७ साली सारेगामा कंपनीने जुन्या ट्रान्झिस्टरच्या रूपातलं 'कारवाँ' हे यंत्र बाजारात आणलं. त्यात ५,००० गाणी भरलेली असतात आणि गीतमालेचा वेगळा विभाग असतो. नातवंडं ते आजी-आजोबांना भेट देतात. त्यावर सयानींच्या आवाजात वर्षामागून वर्षं उलगडतात. ऐकणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसतं की, तिथे कुठलं गाणं वर आणि कुठलं खाली हे ठरवताना पन्नास वर्षांपूर्वीच्या श्रोता संघांची मतंही मोजली गेली होती.