किल्ल्याची माती आणि काळे जस्त

पूर्वी गल्लीत कल्हईवाला आला म्हणजे मुलांचा घोळका त्याच्याभोवती जमत असे. जमिनीत खळगा करून पेटविलेली भट्टी, चामड्याचा भाता, निखाऱ्यावर तापत जाणारे पातेले आणि त्यात चिमूटभर पांढरी पूड पडताच उठणारा तो दाट धूर! त्या धुरातून कापसाचा बोळा एकदा गरकन फिरे आणि काळवंडलेले भांडे चांदीसारखे लखलखीत होऊन बाहेर पडे. ती पांढरी पूड म्हणजे नवसागर. हाच नवसागर बिदरच्या कारागिराच्या हाती गेला की अगदी उलटे काम करतो. पांढुरक्या, राखी छटेच्या धातूला तो कोळशापेक्षाही काळा करून सोडतो. एकच क्षार एकाच्या घरी काळ्याचे पांढरे करतो व दुसऱ्याच्या घरी पांढऱ्याचे काळे करतो, हे कसे? आजच्या भाषणात या कोड्याचा माग काढावयाचा आहे, आणि तो काढता काढता बिदर शहराचा थोडा इतिहासही आपोआप येणार आहे.

कल्हईवाल्याचे रहस्य प्रथम सांगून टाकतो, कारण ते सोपे आहे. नवसागर तापला म्हणजे त्यातून अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल हे दोन वायू सुटतात. तांब्यापितळेच्या पृष्ठभागावर प्राणवायूशी संयोग होऊन जी काजळी धरलेली असते, ती हे आम्ल खाऊन टाकते. खालचा धातू उघडा, कोरा होतो आणि वितळलेले कथील त्याला घट्ट चिकटते. म्हणजे नवसागर भांड्याला पांढरे करीत नाही. तो फक्त वाट मोकळी करून देतो. पांढरेपणा कथिलाचा.

आता बिदरकडे वळू. सीमाभागातील श्रोत्यांना बिदर काही परके नाही. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. आज लातूर जिल्ह्यात राहणाऱ्या अनेक घरांतील आजोबा-पणजोबांना कोर्टकचेरीसाठी बिदरलाच जावे लागे. भालकी, औराद, बसवकल्याण आणि शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या भागांत मराठी आजही घराघरांतून बोलली जाते. बहमनी राज्याची स्थापना १३४७ साली झाली तेव्हा राजधानी गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, हे शहर होते. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात सुलतान अहमदशहा वली याने ती बिदरला हलविली. उंच पठार, लाल जांभा दगड, मुबलक पाणी. जागा त्याने चांगली निवडली यात शंका नाही. पुढे महमूद गावान या इराणी वजिराने १४७२ च्या सुमारास येथे मोठी मदरसा बांधली. तिच्या भिंतीवरील रंगीत कौलांचे अवशेष अजून पाहावयास मिळतात.

इराणातून विद्वान आले, कवी आले, शिल्पी आले, तसे धातुकाम करणारेही आले असणार. अब्दुल्ला बिन कैसर नावाच्या कारागिराने अहमदशहाच्या काळी ही कला बिदरला आणली अशी परंपरागत कथा आहे. कथा म्हणून ती ऐकावी. पण आज संग्रहालयांतून जतन केलेल्या बिदरी वस्तूंपैकी सर्वांत जुन्या समजल्या जाणाऱ्या वस्तू सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या व सतराव्या शतकाच्या आरंभीच्या आहेत, हेही विसरू नये. मला स्वतःला या कथेपेक्षा बिदरच्या किल्ल्यातील रंगीन महाल अधिक बोलका वाटतो. बरीदशाही काळातील या महालात काळ्या कुळकुळीत दगडात शिंपल्यांचे पांढरे तुकडे बसवून वेलबुट्टी काढलेली आहे. काळ्या भूमीवर शुभ्र नक्षी पाहण्याची आवड या शहराच्या डोळ्यांत मुरलेली होती. दगडात जे शिंपल्याने केले तेच धातूत चांदीने केले, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही.

परंतु काळा धातू आणावयाचा कोठून? निसर्गात असा धातू नाही. तो करावा लागतो आणि त्यासाठी कारागिरांनी निवड केली ती जस्ताची.

जस्त ही मोठी फसवी धातू आहे. लोखंडाची किंवा तांब्याची माती कोळशाबरोबर भट्टीत घातली की धातू तळाशी सापडतो. जस्ताचे तसे नाही. त्याच्या खनिजातून कर्बाने प्राणवायू ओढून घ्यावयाचा तर सुमारे १००० अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि जस्त तर ९०७ अंशांवरच उकळते. म्हणजे धातू मोकळा होताक्षणी वाफ होऊन उडून जातो आणि बाहेरच्या हवेत पुन्हा पांढरी राख बनतो. पुष्कळ देशांतील लोकांनी पितळ केले, पण त्यातील जस्त वेगळे कधी डोळ्यांनी पाहिले नाही, याचे कारण हेच. राजस्थानात उदयपूरजवळ जावर येथे मात्र वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी उलट्या मांडून ती वाफ खालच्या थंड भागात उतरविण्याची युक्ती मध्ययुगात मोठ्या प्रमाणावर चालू होती. तेथील भट्ट्यांचे उत्खनन १९८३ च्या सुमारास बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने, हिंदुस्थान झिंक कंपनीने आणि ब्रिटिश म्युझियमने मिळून केले. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्त गाळण्याचे पेटंट घेतले ते १७३८ साली. त्याचीही रीत वाफ खाली उतरविण्याचीच होती, हा योगायोग की ऐकीव माहिती, यावर तज्ज्ञांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. दख्खनच्या कारागिराला जावरचे जस्त मिळू शके, तसेच समुद्रमार्गे पोर्तुगीज व डच व्यापाऱ्यांनी ‘तुतेनाग’ या नावाने पूर्वेकडून आणलेलेही मिळे.

जस्त सुमारे ४२० अंशांवर वितळते. तांब्याला त्यासाठी १०८५ अंश लागतात. त्यामुळे घरच्या लहानशा भट्टीवरही जस्ताचे ओतकाम होऊ शकते. बिदरीसाठी सुमारे सोळा भाग जस्त व एक भाग तांबे हे प्रमाण सामान्यतः सांगितले जाते. पितळेतही हेच दोन धातू असतात, परंतु तेथे तांबे यजमान आणि जस्त पाहुणा. बिदरीत नाते उलटे आहे. कंपनी सरकारच्या नोकरीतील डॉ. बेंजामिन हाइन यांनी १८१४ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बिदरची कृती दिली आहे. तीत तांब्याबरोबर थोडे शिसे व कथीलही नोंदविले आहे.

राळ आणि एरंडेल घालून मळलेल्या वाळूचा साचा करतात व त्यात हा रस ओततात. निघालेली वस्तू कानशीने घासून गुळगुळीत केली की तिच्यावर मोरचुदाचे पाणी फिरवतात. वर्गात निळ्या मोरचुदाच्या द्रावणात जस्ताची कांडी बुडवून दाखविणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला येथे आपला प्रयोग ओळखू येईल. जस्त अधिक चपळ, तांबे आळशी. जस्त द्रावणात उतरते आणि तांब्याला बाहेर ढकलते. त्या बारीक तांब्याचा गडद थर पृष्ठभागावर बसतो. हा काळेपणा तात्पुरता, पाटीसारखा. त्यावर टोकदार अवजाराने कारागीर हातानेच नक्षी रेखतो, मग लहान छिन्न्यांनी ती कोरतो आणि त्या खाचांत चांदीची तार किंवा पातळ पत्रा ठोकून बसवितो. तारेच्या कामाला तारकशी म्हणतात, पत्र्याच्या कामाला तैनिशान. हुक्क्याचे बूड, सुरई, पानदान, गालिच्याच्या कोपऱ्यांवर ठेवावयाचे मीरफर्श अशा वस्तूंवर खसखशीच्या फुलांची आणि अशर्फीच्या बुट्टीची नक्षी चाले. हे काम फार चिकाटीचे, डोळ्यांचा अंत पाहणारे. येथवर आले की वस्तू पुन्हा घासतात. पाटीचा काळेपणा निघून जातो, आणि मग जस्तही पांढरे व चांदीही पांढरी! इतक्या दिवसांचे कोरीव काम जवळजवळ दिसेनासे होते. अनोळखी माणसाला वाटावे, या बिचाऱ्याची मेहनत फुकट गेली.

आता किल्ल्याची माती येते. बिदरच्या किल्ल्यातील जुन्या, अंधाऱ्या, ऊनपावसापासून सुरक्षित जागांची माती कारागीर आणतात. ती चांगली की वाईट हे जिभेवर ठेवून ठरवितात. नवसागराबरोबर ती पाण्यात कालवून, वस्तू किंचित तापवून तिच्यावर हा लेप चोळतात. पाहता पाहता जस्ताची भूमी काळीभोर होते आणि चांदी जशीच्या तशी शुभ्र उमटून येते. चांदी अशी अलिप्त राहते, कारण धातूंच्या पंगतीत ती जस्तापासून फार दूर बसलेली आहे. जस्त आम्लाशी, क्षाराशी चटकन संयोग पावते. चांदी इतक्या सौम्य लेपाला दाद देत नाही.

मातीत असते काय? तिच्यात सोरा, म्हणजे नत्राचे क्षार, असतात. वटवाघळांची विष्ठा, जनावरांचे मूत्र यांतील अमोनियाचे मातीतील सूक्ष्म जीव हळूहळू नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जीवांचे काम आहे असे फ्रान्समध्ये श्लेझिंग व म्युंत्स यांनी १८७७ साली दाखवून दिले. हे क्षार पाण्यात सहज विरघळतात, म्हणून उघड्यावरच्या मातीतून ते पहिल्याच पावसात वाहून जातात आणि छपराखालच्या मातीत साठून राहतात. दारूगोळ्यासाठी सोरा काढणारेही जुन्या भिंतींच्या बुडाशीच शोध घेत. बिदरचा कारागीर माती चाखतो तेव्हा तो रसायनशाळेतील परीक्षाच करीत असतो. त्याच्याजवळ परीक्षानळी नाही, एवढेच.

तरी काळ्या रंगाचे सारे श्रेय मातीला देता येत नाही. लंडनच्या संग्रहालयांतील संशोधकांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या तपासणीत असे दिसून आले की हा खरा काळेपणा जस्तात मिसळलेल्या तांब्यामुळे येतो. लेपातील नवसागर पृष्ठभागावरील जस्त विरघळवितो, तांबे मागे राहते, आणि मातीतील सोऱ्याच्या साहाय्याने तेथे तो काळा थर तयार होतो. कल्हईवाल्याचे आणि बिदरीवाल्याचे कोडे येथे सुटते. दोघांकडेही नवसागर पृष्ठभाग खातो. एकाकडे उघड्या पडलेल्या धातूवर कथील बसते, दुसऱ्याकडे उरलेले तांबे काळे होते. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लखनौ, पूर्णिया आणि मुर्शिदाबाद येथेही एके काळी बिदरी काम होत असे. तेथवर बिदरच्या किल्ल्याची माती गाड्या भरून जात होती असे मानण्यास काही आधार नाही.

मग ती माती म्हणजे नुसती श्रद्धा काय? मला तसे म्हणवत नाही. ज्या मातीने पिढ्यान्पिढ्या दगा दिला नाही ती सोडून नवे मिश्रण वापरून पाहावयाचे, तर फसलेल्या वस्तूतील चांदीचा भुर्दंड कोणी सोसावा? कारागिरानेच ना? किल्ला हे संरक्षित स्मारक आहे, आणि छपराखालची जुनी माती एकदा उचलली की तशी पुन्हा तयार होण्यास फार काळ जावा लागतो. या कलेचे भवितव्य मुठीमुठीने संपणाऱ्या मातीवर टांगून ठेवणे मला धोक्याचे वाटते. शिकाऊ मुलांना जिभेची परीक्षा शिकवावी, पण सोरा आणि तांबे काय करतात हेही सांगावे. ते सांगितल्याने कलेचे गूढ कमी होईल ही भीती मला पटत नाही. याच कारागिरांना भट्टीपाशी आणखी एक धोका असतो, त्याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. जस्त प्रमाणाबाहेर तापले की पांढरा धूर सुटतो आणि तो छातीत गेल्यास थंडी वाजून ताप येतो. धुराड्याची सोय हा काही नक्षीइतका देखणा विषय नव्हे.

१८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात बिदरी वस्तू मांडल्या गेल्या व वाखाणल्याही गेल्या. पण हुक्का, पानदान, सुरई बाळगणारे सरदार-नबाब गेले आणि मागणी ओसरली. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात जुन्या घराण्यांची ही दौलत काचेआड पाहावयास मिळते. २००६ साली बिदरीला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली, आणि २०२३ साली बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. आता फुलदाण्या, कर्णफुले, पेटीची बटणे अशाही वस्तू होतात.

आपल्या घरी एखादी जुनी बिदरी वस्तू असेल तर ती हातातून पडू देऊ नये. ओतीव जस्त ठिसूळ असते, तांब्याच्या घागरीसारखा पोचा न येता ते तुकडे होऊन फुटते. तिच्यात लोणचे, ताक, चिंचेचे सार ठेवू नये. आंबटाला जस्त लगेच विरघळते. नाताळाच्या आदल्या आठवड्यात आम्ही वेदीवरची पितळी मेणबत्तीदाने चिंचेने घासून लखलखीत करतो, तो उपाय येथे घातकी आहे. काळा थर अगदी पातळ असतो आणि आंबटाने तोच आधी निघून जातो. पुष्कळदा तक्रार येते ती वेगळीच, की भांडे काळे राहिले पण चांदीही काळी पडली. हा दोष मातीचा नाही व कारागिराचाही नाही. हवेतील गंधकाच्या वायूने चांदीवर सल्फाइडचा थर धरतो. अशा वेळी मऊ फडक्याने फक्त चांदीच्या रेघा हलक्या हाताने पुसाव्यात आणि सगळ्या वस्तूला खोबरेल तेलाचा एक हात द्यावा.