अतिदक्षता विभागातील रुग्णसुरक्षा

अत्यवस्थ रुग्णांवर उपचार चालू असताना त्या उपचारांतूनच होऊ शकणारी, परंतु टाळता येण्याजोगी इजा रोखण्यासाठी केलेली पद्धतशीर व्यवस्था. अतिदक्षता विभागात श्वसन, रक्ताभिसरण, मूत्रपिंडांचे कार्य इ. जीवनावश्यक क्रिया यंत्रे व प्रभावी औषधे यांच्या साहाय्याने चालू ठेवण्यात येतात. तथापि ज्या नलिकेतून औषध रक्तात पोहोचते, तिच्यावाटे जंतूही शिरू शकतात आणि जे यंत्र श्वास पुरविते, त्यातील हवेच्या अतिरिक्त ताणाने फुप्फुसांना इजा होऊ शकते. त्यामुळे या विभागाचा इतिहास हा जसा प्राण वाचविणाऱ्या साधनांचा, तसाच त्या साधनांच्या धोक्यांना आवर घालण्याचाही इतिहास आहे.

क्रिमियाच्या युद्धात (१८५३–५६) फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) यांनी स्कूटारी येथील लष्करी रुग्णालयात शुश्रूषा केली. जखमांपेक्षा अस्वच्छतेतून उद्भवणाऱ्या रोगांनीच अधिक सैनिक दगावले, हे त्यांनी पुढे आकडेवारीने दाखवून दिले. रुग्णालयाने रुग्णाला निदान अपाय तरी करू नये, हा त्यांचा आग्रह होता. आधुनिक अतिदक्षता विभागाचा उगम मात्र १९५२ मधील कोपनहेगन येथील पोलिओच्या साथीत आढळतो. ब्लेगडाम रुग्णालयात श्वसनस्नायूंचा पक्षाघात झालेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण तीन दिवसांत मरण पावले. तेव्हा भूलतज्ञ ब्यर्न इब्सेन (१९१५–२००७) यांनी श्वासनालाला छेद देऊन त्यातून हाताने पिशवी दाबून श्वास देण्याची पद्धत अवलंबिली. सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हे काम केले आणि साथ ओसरेपर्यंत मृत्युमान निम्म्याहून खाली आले. पुढील वर्षी इब्सेन यांनी त्याच शहरात कायमस्वरूपी विभाग सुरू केला व त्यानंतर असे विभाग अन्य देशांतही निघाले.

साधने वाढली, तशी त्यांतून होणारी इजाही वाढली. ही इजा म्हणजे गंभीर आजाराचा अटळ भाग होय, असा समज दीर्घकाळ रूढ होता. जेरूसलेम येथील एका अतिदक्षता विभागाच्या १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने या समजाला धक्का दिला. तेथे प्रत्येक रुग्णाच्या संदर्भात दररोज सरासरी १७८ कृती केल्या जात आणि त्यांत सरासरी १.७ चुका होत. म्हणजे सुमारे ९९ टक्के कृती निर्दोष असूनही रोज प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला एकतरी चूक येत होती. एक तृतीयांशाहून अधिक चुकांचा संबंध डॉक्टर व परिचारिका यांच्यातील तोंडी संभाषणाशी होता. अमेरिकेतील ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात त्या देशातील रुग्णालयांत चुकांमुळे दरवर्षी ४४,००० ते ९८,००० मृत्यू होत असावेत, असा अंदाज वर्तविला. व्यक्तीला दोष देण्याऐवजी कार्यपद्धतीतील उणिवा शोधाव्यात, हा त्या अहवालाचा मुख्य मुद्दा होता.

या विचाराचे ठळक उदाहरण म्हणजे मोठ्या नीलेत घालावयाच्या नलिकेमुळे होणारा रक्तातील जंतुसंसर्ग. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पीटर प्रोनोव्होस्ट यांनी २००१ मध्ये यासाठी पाच बाबींची तपासणीसूची केली : हात धुणे, क्लोरहेक्झिडिनने त्वचा निर्जंतुक करणे, रुग्णाचे पूर्ण शरीर निर्जंतुक कापडाने झाकणे व स्वतः निर्जंतुक पोषाख घालणे, शक्यतो जांघेतील नीला टाळणे आणि गरज संपताच नलिका काढून टाकणे. यांत नवे असे काहीच नव्हते; तरीही एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांच्या बाबतीत एखादी तरी पायरी गाळली जात असल्याचे आढळले. म्हणून पायरी चुकल्यास डॉक्टरांना थांबविण्याचा अधिकार परिचारिकांना देण्यात आला. मिशिगन राज्यातील १०३ विभागांच्या माहितीनुसार, प्रत्येक १,००० नलिका-दिवसांमागे (एका रुग्णातील नलिकेचा एक दिवस म्हणजे एक नलिका-दिवस) सरासरी ७.७ असलेले संसर्गाचे प्रमाण १६ ते १८ महिन्यांनी १.४ वर आले. हे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. यात सूचीइतकाच वाटा अधिकारांच्या उतरंडीतील या बदलाचाही मानला जातो.

मात्र प्रत्येक सुधारणा टिकतेच असे नाही. इंग्लंडमध्ये २००९–११ या काळात हाच उपक्रम राबविला असता संसर्ग घटला. परंतु जेथे तो अद्याप सुरू झाला नव्हता, तेथेही घट दिसली. रक्तातील साखर इन्शुलिनने काटेकोरपणे कमी ठेवण्याचा उपचार २००१ मधील एका अभ्यासानंतर अनेक ठिकाणी स्वीकारला गेला. तथापि २००९ मध्ये सु. ६,१०० रुग्णांवरील चाचणीत अशा उपचाराने मृत्यू वाढतात, असे दिसून आले. सुरक्षेसाठी केलेल्या बदलांचीही तितकीच कठोर परीक्षा आवश्यक असते, हे यावरून लक्षात येते.

भारतात या शाखेतील तज्ञांची ‘इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन’ ही संस्था १९९३ मध्ये मुंबई येथे स्थापन झाली. रुग्णालयांना गुणवत्तेबाबत अधिस्वीकृती देणारे राष्ट्रीय मंडळ २००५ मध्ये अस्तित्वात आले. जानेवारी २०२१ मध्ये भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला लागलेल्या आगीत १० अर्भके मृत्युमुखी पडली. वीज, ऑक्सिजन व इमारत यांची देखभाल हादेखील उपचाराचाच भाग आहे, हे या दुर्घटनेने अधोरेखित केले. अतिदक्षता विभागातील रुग्ण बहुधा बेशुद्ध असतो वा बोलू शकत नाही. आपल्यावर होणारी चूक तो स्वतः दाखवून देऊ शकत नाही. म्हणून चूक दिसताच ती निर्भयपणे सांगण्याची मुभा तेथील प्रत्येक कर्मचाऱ्याला असणे, हाच रुग्णसुरक्षेचा पाया होय.